डबी की बिनडबी

रविराज पलांडेच्या कानावर शंका घेणं म्हणजे सोनाराच्या दुकानात जाऊन त्याच्या तराजूवर बोट ठेवण्यासारखं होतं. सणसवाडीच्या एका फाउंड्रीत तो गेली बावीस वर्षं गाड्यांचे ब्रेक ड्रम वाजवून पास करत होता. वाजवून म्हणजे खरोखरच वाजवून. ड्रम समोर आला की छोट्या हातोडीनं एक टोला द्यायचा. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठंतरी तडा आहे, लाल शिक्का, रिजेक्ट. बाजारात मडकं घेताना बायका जे करतात तेच हे काम, फक्त ह्याला पगार, पीएफ आणि वर्षाला दोन युनिफॉर्म होते. कंपनीत सगळ्यांना कानात इअरप्लग घालायची सक्ती होती. रविराजला नव्हती. कान उघडे ठेवणं हीच त्याची नोकरी होती.

आणि नेमक्या ह्याच माणसाच्या इअरफोनमधून गाणी बद्द यायला लागली.

शिरूर ते सणसवाडी कंपनीच्या बसमधून जाताना-येताना जुनी भावगीतं ऐकणं ही रविराजची एकमेव चैन. पण हल्ली गाणारी बाई शेजारच्या खोलीत तोंडावर पदर धरून गातेय असं वाटायचं. त्यानं वर्षभरात तीन इअरफोन बदलले. दोष सगळ्यांत एकच. शेवटी त्यानं निष्कर्ष काढला की आजकाल मालच चांगला येत नाही. क्वालिटीच्या माणसाला हा निष्कर्ष नेहमीच पटतो.

त्याच्या हाताखाली निमोण्याचा गोकुळ होता. हुशार, पण सगळी हुशारी मोबाइलात. तो म्हणाला, “सर, इअरफोन चांगलाच हाय तुमचा. त्याला दम मिळत न्हाई. मोबाइल पुरा पडत न्हाई त्याला. मधी एक पोर्टेबल अ‍ॅम्प्लिफायर लावा. काडेपेटीएवढा असतोय. मग बघा कसं गाणं उघडतंय.”

दोष आपला नसून मोबाइलचा आहे, हे ऐकून रविराजला जे बरं वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

बरं वाटायला आणखी एक कारण होतं. त्याच आठवड्यात गिऱ्हाइकाकडून एक ड्रम परत आला होता. तड्यासकट. आणि त्यावर रविराजचा हिरवा शिक्का होता. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. साहेबांनी विचारलं तेव्हा “वाटेत आपटला असंल,” असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली होती. ह्या ड्रमचा आणि इअरफोनचा काडीचाही संबंध नाही, असं त्यानं स्वतःला तीन वेळा बजावलं होतं. आता जी गोष्ट स्वतःला तीन वेळा बजावावी लागते तिच्यात किती दम असतो, हे आपल्याला माहीत आहे. पण तो विषय रविराजसमोर काढायची सोय नव्हती.

भरीस भर, पुढच्या महिन्यात कंपनीचं मेडिकल होतं. आजवर मेडिकल म्हणजे काय, तर म्हातारे डॉक्टर मनगटावरचं घड्याळ काढून कानाशी धरायचे आणि विचारायचे, “येतंय का ऐकू?” रविराज घड्याळ दिसताक्षणी “हो” म्हणायचा. यंदा डॉक्टर बदलले होते आणि कान तपासायचं मशीन येणार होतं. त्यात जो नापास होईल त्याची हातोडी जाणार. हातोडी गेली की माणूस पॅकिंगला. खोक्यांना चिकटपट्टी लावणारे पलांडे, ही कल्पना रविराजला झोपेतसुद्धा सहन होत नसे.

तर अ‍ॅम्प्लिफायर मागवला. ऑनलाइन. आणि इथून पुढं जे झालं त्याला अ‍ॅम्प्लिफायर जबाबदार नाही.

गेल्या दिवाळीत रविराजनं सासूबाईंना मिक्सर पाठवला होता, दौंडला. तो पत्ता मोबाइलनं लक्षात ठेवला, रविराजनं नाही. त्यामुळं शिरूरच्या माणसानं शिरूरमध्ये बसून मागवलेली वस्तू पन्नासेक किलोमीटर लांब दौंडला जाऊन उभी राहिली. कुरिअरवाल्याचा फोन आला तेव्हा रविराज ड्रम वाजवत होता आणि मोबाइल नियमाप्रमाणं लॉकरमध्ये होता. दुसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी मेसेज: “ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नाही.”

पत्ता बदलायला त्यानं ग्राहक सेवेला फोन लावला. तिथं एक बाई गोड आवाजात सांगत होती, अमुक हवं असेल तर एक दाबा, तमुक हवं असेल तर दोन. रविराजला शेवटचे आकडे तेवढे ऐकू येत, आधीचं सगळं वाऱ्यावर. त्यानं चार दाबलं तर न केलेली तक्रार रद्द झाली. सहा दाबलं तर भाषा गुजराती झाली. “लाइन खराब आहे,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

पलीकडं त्याची बायको अनिता वह्या तपासत बसली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं चष्म्यावरून एकदा बघितलं. तिच्या जागेवरून तिला ती गुजराती बाई स्वच्छ ऐकू येत होती.

तिसऱ्या दिवशी रविराजचे सासरे मारुतराव स्वतः मैदानात उतरले. मारुतराव रेल्वेतून रिटायर झालेले. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन खालून चाकांवर टोले मारत जायचं आणि आवाजावरून चाक ओळखायचं, हे काम त्यांनी दौंडात तीस वर्षं केलं. पोरगी दाखवायच्या वेळी नवरा मुलगा काय करतो, ह्या प्रश्नाला “हातोडी मारून आवाज ऐकतो” असं उत्तर मिळालं आणि मारुतरावांनी पत्रिका न बघता होकार दिला होता. तेव्हापासून ते जावयाला आपल्याच खात्यातला माणूस समजत.

“पाव्हणं, त्यो गडी ओटीपी मागतोय,” मारुतराव फोनवर ओरडले. “मी म्हणलं, माझा जावई हाय, मला वळखत न्हाईस का? तर म्हणतोय आधार दावा. आधारवर मी मारुती आन् ह्यांच्या कागदावर रविराज. आता काय करायचं, बारसं घालायचं का माझं नव्यानं?”

रविराजनं त्या दिवशी अर्धी रजा टाकली, ओटीपी सांगितला आणि पार्सल मारुतरावांच्या ताब्यात आलं. जावयाचं पार्सल उघडून बघणं हा सासऱ्याचा हक्क असल्यामुळं ते ताबडतोब उघडलंही गेलं.

“डबी हाय,” मारुतराव म्हणाले. “काडेपेटीएवढी. दोन भोकं हायती. एक फिरवायचं बटण हाय. बाकी आत काय बी न्हाई, हलवून बघितलं.”

रविवारी मारुतराव न्हावऱ्यावरून एसटीनं डबी घेऊन स्वतः शिरूरला आले, जावयाच्या घरी आठ दिवस राहायच्या तयारीनं.

डबी आल्याची बातमी बिल्डिंगमध्ये आधीच पोचली होती, कारण रविराजची आई सोजराबाई जिन्यात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या की रवीनं कानाचं मशीन मागवलंय. “कानाचं न्हाई आई, गाण्याचं,” असं रविराज चार वेळा ओरडला. त्या ओरडण्यानं बातमी वरच्या मजल्यावरही गेली. वरच्या सुषमावहिनी लगेच लसूण घालून उकळलेलं तेल घेऊन हजर झाल्या. “दोन थेंब टाका भावजी. मळ असेल. आमच्या ह्यांचं असंच होतं, इतका मळ निघाला, काय सांगू.” सुषमावहिनींनी किती निघाला तेही सांगितलं. रविराजनं तेल घेतलं, आभार मानले आणि अपमान गिळला.

तळमजल्यावर भारत राहायचा. त्याचा मंडप आणि साऊंडचा धंदा. शिरूरमधलं कुठलंही लग्न, जयंती, उद्घाटन भारतच्या भिंतीएवढ्या स्पीकरशिवाय होत नसे. त्यानं डबी तळहातावर घेतली, तोलली, आणि त्याच्या चेहऱ्यावर कळवळा दाटून आला.

“भाऊ, ह्यात ट्रान्सफॉर्मर कुठं हाय?”

“नसतो ह्यात.”

“फॅन?”

“फॅन कशाला?”

“अ‍ॅम्प्लिफायर तापत न्हाई तर त्यो अ‍ॅम्प्लिफायर कसला?” भारत म्हणाला. “माझा मशीन उचलायला दोन गडी लागत्यात. फसवलं तुला कुणीतरी.”

रविराजनं मोबाइलला डबी जोडली, डबीला इअरफोन जोडला, बटण फिरवलं, डोळे मिटले. आणि काय सांगावं, ती बाई शेजारच्या खोलीतून उठून समोर येऊन बसली! पदर तोंडावरून काढला! पेटी, तबला, सगळे आपापल्या जागी येऊन बसले. रविराजच्या डोळ्यांत पाणी आलं. गाण्यामुळं थोडं, आणि आपला कान शाबूत आहे ह्या आनंदानं बरंच.

“जमीन-अस्मानाचा फरक आहे!” त्यानं जाहीर केलं.

मग त्यानं सगळ्यांना ऐकायला लावलं. आधी बिनडबीचं, मग डबीचं. भारतनं ऐकून मान हलवली, “मोठा येतोय. पण मोठा तर मोबाइलवर बी होतोय की. गाणं तेच हाय.” सुषमावहिनींना दोन्ही छान वाटलं. सोजराबाई म्हणाल्या, “रवी म्हणतोय तर असंल.” अनितानं दोनदा ऐकलं, इअरफोन काढला आणि म्हणाली, “मला तर काहीच वेगळं वाटत नाही हो.”

हे वाक्य ती सहज बोलली. पण रविराजला ते मेडिकलचा रिपोर्ट आल्यासारखं लागलं. बावीस वर्षं ज्या कानाच्या भरवशावर फाउंड्रीनं लाखो ड्रम बाहेर पाठवले, त्या कानाला त्याच्याच हॉलमध्ये, त्याच्याच सोफ्यावर बसून चार माणसं खोटं ठरवत होती. त्यात एक घरची होती.

कंपनीत कुणा तपासणाऱ्याच्या शब्दावर शंका आली तर त्याची एक रीत आहे. वीस ड्रम घ्यायचे, काही चांगले, काही तड्याचे. नंबर झाकून ठेवायचे, उलटसुलट लावायचे आणि तपासणाऱ्यापुढं ठेवायचे. त्याला आधी काही सांगायचं नाही. जो दर वेळी बरोबर सांगेल त्याचा कान खरा. आता साधा माणूस असता तर म्हणाला असता, जाऊ दे, मला चांगलं वाटतंय ना, झालं. पण क्वालिटीचा माणूस हरतो तेव्हाही फॉरमॅट भरून हरतो.

रविराजनं तिथल्या तिथं पट्टी घेऊन तक्ता आखला. ऐकणाऱ्याचं नाव. फेरी क्रमांक. खरं काय. तो काय म्हणाला. बरोबर की चूक. एवढं झाल्यावर उजवीकडं जागा उरली. फॉरमॅटमध्ये कोरी जागा राहिली की ऑडिटर तिथंच बोट ठेवतो, ह्या अनुभवानं त्यानं आणखी दोन रकाने आखले: व्हॉल्यूम आणि शेरा. काही उपयोग नव्हता, पण तक्ता भरल्यासारखा दिसायला लागला.

व्यवस्था अशी: अनिता आतल्या खोलीत मोबाइल आणि डबी घेऊन बसेल. भारतच्या गोडाऊनमधून आणलेली लांब वायर पडद्याखालून हॉलमध्ये येईल. ऐकणाऱ्यानं वेताच्या खुर्चीत बसायचं. आपल्याला बरा वाटेल इतका आवाज होईपर्यंत “वाढव” किंवा “कमी कर” म्हणायचं, मग “बास”. आणि नंतर सांगायचं, डबी की बिनडबी. प्रत्येकाला दहा फेऱ्या. त्यातल्या पाच डबीच्या, पाच बिनडबीच्या, क्रम अनिता ठरवेल. मारुतरावांना खुर्चीत बसवायला गेले तर ते म्हणाले, “मी ऐकणार न्हाई. मी पंच.” आणि टोपी कानापर्यंत ओढून ते पंचासारखे बसले.

पहिल्या सोजराबाई. त्यांनी दहाही वेळा “डबी” सांगितलं. आठव्या फेरीला रविराज म्हणाला, “आई, नीट ऐकून सांग.” त्या म्हणाल्या, “मी कशाला ऐकू? तू आणलीस ती डबी, मी बिनडबी म्हणून तुझा पाणउतारा करू व्हय?” दहापैकी पाच बरोबर.

मग भारत. ऐकताना तो मोठ्या कार्यक्रमाचं साऊंड चेकिंग चालल्यासारखा हवेत हात करत होता. दहापैकी चार. “म्हणजी न्हाईच ना फरक!” तो म्हणाला, आणि चार आल्याचा त्याला पाच आल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

गाणं इअरफोनमध्ये असल्यामुळं बिल्डिंगला ऐकू येत होतं ते फक्त “वाढव, वाढव, कमी कर, अजून थोडं, बास, बास!” तेव्हा पलीकडच्या घरातून दोघंजण घरात टेम्पो कसा काय मागं घेतायत ते बघायला आले. त्यांच्या गर्दीत सुषमावहिनींनी आपल्या दहा फेऱ्या पार पाडल्या, सहा मिळवले, आणि विचारलं की तेच गाणं एकदा पूर्ण ऐकता येईल का.

शेवटी रविराज बसला. चष्मा काढला, डोळे मिटले.

“वाढव,” तो म्हणाला. “वाढव. अजून. अजून थोडं. अगं वाढव की.” बऱ्याच वेळानं, “असू दे, बास. बिनडबी.”

दुसरी फेरी. “वाढव. वाढव. हां, बास. डबी.”

असं दहा वेळा. अनिता पडद्याआडून तक्ता घेऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी असतो तसा होता, पास झालेल्याही पोराची काळजी वाटावी असा. तिनं कागद मारुतरावांकडं दिला. मारुतरावांनी तो लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. मग उभे राहिले.

“दहापैकी दहा!” ते ओरडले. “पाव्हणं जिंकले!”

टेम्पो बघायला आलेल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. भारतनं उठून रविराजच्या पायाला हात लावला, “भाऊ, माफ कर, कान असावा तर असा.” सोजराबाई मीठ-मोहरी आणायला आत गेल्या, पोराच्या कानाला दृष्ट लागू नये म्हणून. रविराजनं पोहे करायला सांगितले आणि पोहे होईपर्यंत सगळ्यांना खरा ऐकणारा आणि नुसता कान असलेला ह्यांतला फरक समजावून सांगितला. तो इतका खूश होता की त्यानं सुषमावहिनींचं लसणाचं तेलसुद्धा चांगलं आहे म्हणून सांगितलं. तक्ता मात्र त्याला दिसला नाही. तो मारुतरावांच्या सदऱ्याच्या खिशात घडी होऊन गेला होता.

सगळे पांगल्यावर मारुतरावांनी गॅलरीचं दार लोटलं आणि कागद जावयाच्या हातात दिला. “शेवटले दोन रकाने वाचा.”

रविराजनं वाचले. मोबाइलच्या आवाजाच्या पायऱ्या पंधरा. बिनडबीच्या फेऱ्यांना सुषमावहिनी सातवर थांबल्या होत्या. सोजराबाई, वय वर्षं चौऱ्याहत्तर, नऊवर. भारत, ज्यानं उभा जन्म स्पीकरपुढं काढला, तो दहावर. रविराजच्या नावापुढं पंधरा. पाचही वेळा पंधरा. आणि शेऱ्यात अनिताचं वळणदार अक्षर: “मोबाइलचा आवाज संपला. तरीही वाढव म्हणतात.”

आपण जिंकलो कसे, हे रविराजला तेव्हा कळलं. बाकीच्यांना डबी असली काय, नसली काय, गाणं पोचत होतं, म्हणून त्यांना फरक सांगता येत नव्हता. डबी नसली की ज्याच्यापर्यंत गाणं पोचतच नव्हतं असा त्या घरात एकच माणूस होता, आणि त्यानं दहापैकी दहा मिळवले होते.

“भारतला दहावर कसं पुरतं?” एवढंच तो कसाबसा म्हणाला. तेव्हा गॅलरीखाली वायर गुंडाळत असलेल्या भारतनं मान वर केली. “आपण कानात कापूस घालतो भाऊ. स्पीकर आपण लावायचे, ऐकायचे गिऱ्हाइकानं.”

मारुतरावांनी हळूच टोपी काढली. कानामागं चवळीच्या दाण्याएवढं मशीन होतं. “तीन वरीस झाली,” ते म्हणाले. “तुमच्या सासूला, भागुबाईला बी म्हाईत न्हाई. ती म्हणती, रिटायर झाल्यापासनं मानूस लई ऐकाया लागलं.” मग त्यांचा आवाज उतरला. “नोकरीच्या शेवटल्या वर्षी एक चाक मी चांगलं म्हणून सोडलं. पुढल्या ठेसनातल्या गड्यानं धरलं. तडा व्हता. त्यानं धरलं म्हणून बरं, न्हाईतर... मी कुनाला बोललो न्हाई. अजून रातचं ते चाक वाजतंय डोक्यात. तुम्ही गप बसू नगा, पाव्हणं.”

रविराजनं कागदाची पुन्हा घडी घातली. परत आलेला तो एक ड्रम त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. एक परत आला. परत न आलेले किती, हे कोण सांगणार?

मंगळवारी रजा टाकून तो मारुतरावांबरोबर दौंडला कान तपासायला गेला. तिथं कान तपासणारी अनुपमा नावाची मुलगी होती, गोड पण कडक. तिनं त्याला काचेच्या कपाटासारख्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं आणि सांगितलं, टिंग ऐकू आलं की दाबा. रविराजनं तिथंही अब्रू सांभाळायचा शेवटचा प्रयत्न केला. तिच्या हाताच्या हालचालीवरून अंदाज घेत तो बटण दाबत राहिला.

“काका,” तपासणी झाल्यावर ती म्हणाली, “मी मध्ये पेन शोधत होते. तेव्हा मशीन बंद होतं. तेव्हाही तुम्ही चार वेळा दाबलंत.”

काका म्हटल्याचं दुःख करायलाही त्याच्यापाशी जागा उरली नव्हती. तिनं आलेख काढून दाखवला. जाड आवाज बरे येत होते, बारीक आवाज गेले होते. रविराजनं खिशातून डबी काढून विचारलं, हिचा काही उपयोग? ती म्हणाली, “कान चांगला असेल तर ह्या इअरफोनला डबी लावून फारसं काही सुधारत नाही. आणि तुमच्यासारख्याला लावली तर सगळाच आवाज मोठा होतो, जेवढा कान चांगला उरलाय तोही त्यात खराब व्हायचा. तुमचं जेवढं गेलंय तेवढंच भरून काढणारं मशीन वेगळं असतं.”

खणखणीत आणि बद्द ह्यांत फरक असतो तो त्या शेवटच्या बारीक आवाजाचाच. हे तिनं सांगितलं नाही. ते रविराजला बावीस वर्षांपासून माहीत होतं.

मेडिकलला अजून तीन आठवडे होते. तोवर कुणाला काही कळणार नव्हतं. बुधवारी सकाळी त्यानं ड्युटीवर गेल्या गेल्या दोषाच्या नोंदीचा फॉर्म घेतला. कंपनीत कुठलाही खराब माल सापडला की हा फॉर्म भरावा लागतो. रविराजनं असे हजारो भरले होते. हा भरायला त्याला पाऊण तास लागला. दोषाचं वर्णन: तपासणाऱ्याला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. मूळ कारण: बावीस वर्षं कानाला संरक्षण न वापरणे. दोष प्रथम कोणाच्या लक्षात आला: सौ. अनिता पलांडे. तात्पुरता उपाय: गोडाऊनमधला सगळा माल पुन्हा वाजवून बघावा. कायमचा उपाय, ह्या रकान्यापाशी तो बराच वेळ थांबला. मग त्यानं लिहिलं: हातोडी गोकुळकडे द्यावी.

साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला. “पलांडे, हे असं कुणी लिहून देत नाही हो,” ते म्हणाले.

गोकुळनं दोन दिवसांत सगळा माल वाजवला. सात ड्रम बद्द निघाले. रविराज शेजारी उभा होता. त्याच्या कानामागं दौंडहून आणलेलं मशीन होतं आणि सातही वेळा गोकुळच्या आधी त्याचं तोंड वाकडं झालं. पण हातोडी त्यानं परत मागितली नाही. साहेबांनी त्याला पॅकिंगला न टाकता नवीन पोरांना शिकवायच्या कामावर घेतलं, आणि पहिला नियम त्यानंच घातला: दोन तासांच्या वर कुणी उघड्या कानानं बसायचं नाही.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं होतं. मशीन लावून पहिल्या दिवशी तो ओरडला, “अगं, टॉवेल कुठंय?” अनिता मोठ्यानं म्हणाली, “दोरीवर!” आणि मग हळूच, पुटपुटत, “आता डोळ्यांचं बी मशीन आणा.” रविराज चपापला. ही बाई गेली चार वर्षं प्रत्येक उत्तराला असं शेपूट जोडत होती, ह्याला ऐकू येत नाही ह्या खात्रीनं! नवऱ्याच्या कानामागं आता मशीन आहे हे तिला माहीत होतं, पण चार वर्षांची सवय सुटली नव्हती. रविराजनं तिला सांगितलं नाही. तीन दिवसांत त्याला कळलं की तो बसल्या जागचा राजा आहे, त्याचं घोरणं मालगाडीसारखं आहे आणि त्याच्या बहिणीचे लाडू तिच्या मते अजिबात चांगले नसतात.

सात ड्रम सापडले त्या दिवशी संध्याकाळी त्यानं तिला सगळं सांगितलं. फॉर्म, गोकुळ, हातोडी. ती ऐकत राहिली. “बरं केलंत,” एवढं म्हणून चहा ठेवायला आत गेली. रविराजला थोडं वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या गोष्टीवर दोनच शब्द!

गॅस पेटला. भांड्याचा आवाज झाला. आणि मग आतून तिचं पुटपुटणं आलं. “सात गाड्या. सात घरची माणसं. बावीस वर्षांची हातोडी, कुणी मागितली नव्हती तरी आपल्या हातानं दिली.” मग पदरानं नाक पुसल्यासारखा आवाज. “लई मोठा माणूस हाय माझा.”

लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

“काय म्हणालीस?” त्यानं हॉलमधून विचारलं.

“काही नाही,” ती मोठ्यानं म्हणाली. “साखर संपत आलीय म्हटलं.”

“बरं, आणतो,” रविराज म्हणाला, आणि कानामागचं मशीन नीट बसलंय ना, ते बोटानं पुन्हा एकदा चाचपून बघितलं.